बुद्धिबळाचा पहिला धडा आणि चित्रफीत

घरांत कोणी खेळणारें नाहीं, गांवांत बुद्धिबळाचें मंडळ नाहीं, आणि मुलाला तर हा खेळ शिकावयाचा आहे, असा प्रसंग आज पुष्कळ कुटुंबांत येतो. डिसेंबर २०२४ मध्यें सिंगापूर येथें डी. गुकेश यानें डिंग लिरेन यास हरवून जगज्जेतेपद मिळविलें, आणि जुलै २०२५ मध्यें नागपूरच्या दिव्या देशमुख हिनें बाटुमी येथें कोनेरू हम्पी हिच्यावर मात करून महिलांचा विश्वचषक जिंकला. त्यानंतर ही हौस वाढली असल्यास नवल नाहीं. आईबाप अशा वेळीं बहुधा एकच तोड काढतात. मोबाइल मुलाच्या हातीं देतात आणि ‘यांत पाहून शीक’ म्हणून सांगतात. बुद्धिबळाचे पहिले धडे देणाऱ्या चित्रफिती इंग्रजींत आणि हिंदींत आहेत, तशा मराठींतही आहेत. चार दिवस मूल उत्साहानें पाहतें. पांचव्या दिवशीं पट माळ्यावर जातो. आईबाप म्हणतात, ‘त्याच्या डोक्यांत तें शिरत नाहीं.’ मुलालाही तेंच खरें वाटूं लागतें, आणि अनर्थ आहे तो यांतच. दोष डोक्याचा कीं धड्याचा, याचा निवाडा मात्र कोणी करीत नाहीं.

सांगलीकरांस तरी हा निवाडा अवघड वाटूं नये. त्या शहरांत १९४१ सालीं नूतन बुद्धिबळ मंडळ स्थापन झालें आणि कै. भाऊसाहेब पडसलगीकर यांनीं आपलें आयुष्य त्या कार्यास वाहिलें. सांगलीच्या भाग्यश्री साठे, पुढें ठिपसे, यांनीं १९८५ ते १९९४ या काळांत पांच वेळां राष्ट्रीय महिला अजिंक्यपद मिळविलें आणि १९९१ सालीं आशियाई अजिंक्यपदही जिंकलें. स्वाती घाटे याही सांगलीच्याच. आतां सांगलींतील मुलांचीं डोकीं साताऱ्याच्या मुलांच्या डोक्यांहून निराळ्या मातीचीं घडलेलीं असतात, असें कोणी म्हणणार नाहीं. फरक एवढाच कीं, तेथें पटाच्या पलीकडे बसून शिकविणारें माणूस होतें. जत आणि आटपाडी, किंवा साताऱ्याकडील माण आणि खटाव, या कोरडवाहू तालुक्यांतील एखाद्या वाडीवरच्या मुलानें रोज संध्याकाळीं सांगलीस येऊन शिकावें, हें होणें नाहीं. त्याच्यापुरती ती चित्रफीत हाच गुरु आहे. म्हणून गुरूची जशी पारख करतात तशी तिची केली पाहिजे.

पटापलीकडे बसलेला शिक्षक बोलतो थोडें आणि पाहतो फार. घोडा उचलल्यावर मुलाचा हात हवेंत घुटमळला कीं अडीच घरांची चाल अजून उमजली नाहीं, हें तो ओळखतो. मूल फार झटकन् ‘हो, हो’ म्हणालें तर त्याला कांहींच कळलेलें नाहीं, हेंही तो ओळखतो. वर्गांत तीस वर्षें काढलेल्या कोणत्याही मास्तराला हें ‘हो, हो’ परिचयाचें आहे. चित्रफितीला हे डोळे नाहींत. ती दिसते, पण तिला दिसत नाहीं. नभोवाणीवरील वक्त्याची स्थिति याहून निराळी नसते. श्रोता ऐकत आहे कीं यंत्र तसेंच सुरू ठेवून स्वयंपाकघरांत गेला आहे, हें त्यास कळत नाहीं, आणि म्हणून नभोवाणीचा जाणता वक्ता आधींच सावध असतो. श्रोता कोठें अडखळेल हें तो लिहितांनाच ताडतो आणि तेथें थांबतो. शिक्षकाच्या डोळ्यांचें काम चित्रफितींतही असेंच अगोदर योजून ठेवावें लागतें. बहुतेक फितींत तें योजलेलें नसतें. त्यांचे कर्ते उत्तम खेळाडू असतात. पण आपल्याला काय येतें हें दाखविणें आणि दुसऱ्याला काय येत नाहीं हें जाणणें, या दोन वेगळ्या विद्या आहेत.

प्रथम डोळ्यांना काय दिसतें तें पाहूं. आपल्या घरांतील मूल हत्ती, घोडा, उंट अशीं नांवें ऐकतें आणि पडद्यावर पाहतें तो तेथें बुरूज दिसतो, आणि डोक्याला चीर असलेली एक टोपी दिसते. ‘उंट कोठें आहे?’ हा त्याचा प्रश्न अगदीं रास्त आहे. त्याला उत्तर मिळत नाहीं, कारण सांगणारा तोंवर वजिरापर्यंत पोहोंचलेला असतो. लांकडी मोहरें, त्याचें छापील चिन्ह आणि त्याचें मराठी नांव, या तिन्ही गोष्टी शेजारीं शेजारीं ठेवून सावकाश दाखविणें हें पहिलें काम होय, आणि त्यास पुरतीं तीन मिनिटें द्यावीं. कांहीं उत्साही मंडळी खरा पट मांडून वरून सरळ खालीं चित्र घेतात. त्यांत मोहऱ्यांचीं फक्त टाळकीं दिसतात, आणि वरून पाहतांना उंट कोणता व प्यादें कोणतें हें जाणत्यालाही पटकन् सांगतां येत नाहीं. कॅमेरा थोडा तिरपा, पांढऱ्याच्या खांद्यावरून पाहिल्यासारखा, धरावा. म्हणजे खेळणाराला जसा पट दिसतो तसाच तो पाहणाराला दिसतो.

आणखी एक खोड मोबाइलची. स्वतःचें चित्र घेण्याच्या बाजूचा कॅमेरा कांहीं यंत्रांत आरशाप्रमाणें डावें-उजवें उलटें करतो. पटाच्या बाबतींत हें फार नडतें. खेळणाराच्या उजव्या हाताच्या कोपऱ्यांत पांढरें घर यावें, हा पट मांडण्याचा पहिला नियम. उलट्या चित्रांत तेथें काळें घर येतें आणि राजा-वजिरांच्या जागांचीही अदलाबदल होते. तें पाहून मुलानें पट मांडला तर तो पहिल्याच दिवशीं चुकीचा मांडला जातो. खालच्या कडेला अक्षरें लिहिण्याची पद्धत आहे, त्यांचेंही तेंच. तीं अक्षरें नेमकीं पांढऱ्याच्या पहिल्या ओळीवर येतात, आणि ज्या राजाला जपावयाचें तोच झांकला जातो. कोपऱ्यांत वक्त्याचा हंसरा चेहरा असतो, त्याच्याखालीं एखादा हत्ती गडप झालेला असतो. चेहरा आरंभीं दाखवावा, नमस्कार करावा आणि बाजूला व्हावें.

मोहरें मारलें जातें तेव्हां तें पडद्यावर नुसतें नाहींसें होतें. नवशिक्याला काय झालें तें कळत नाहीं. दोन मोहरीं होतीं, एक उरलें. पटावर हात मोहरें उचलतो, मारलेलें मोहरें बाजूला ठेवतो, मग आपलें तेथें बसवितो. या तीन हालचाली दिसल्या म्हणजे मारणें म्हणजे काय तें एका शब्दाशिवाय कळतें. रंगीत बाण, लुकलुकणारीं घरें आणि पाठीमागें वाजणारें संगीत यांनीं तें कळत नाहीं.

आपल्या घरांत याहून एक खोल घोटाळा होतो, आणि त्याचा विचार परक्या भाषेंतील फिती करणाराला सुचण्याचें कारण नाहीं. आजोबा देशी पद्धतीनें खेळलेले असतात. त्या पद्धतींत, गांवपरत्वें थोडाफार फरक धरून, प्यादें पहिल्या चालीसही एकच घर सरकतें. राजाला डावांत एकदां घोड्याची उडी मिळते. आणि पलीकडच्या ओळींत पोहोंचलेलें प्यादें ज्या मोहऱ्याच्या घरीं गेलें तें मोहरें बनतें. चित्रफीत मात्र प्यादें दोन घरें पुढें टाकते, राजाला हत्तीबरोबर किल्लेकोट करावयास लावते आणि शेवटच्या ओळींत बहुधा वजीरच मागून घेते. मूल दोघांमध्यें सांपडतें. आजोबा चूक, कीं मोबाइल चूक? वस्तुतः कोणीच चूक नाहीं. अर्धें मिनिट खर्च करून ‘हा आंतरराष्ट्रीय पद्धतीचा खेळ, तुमच्या घरांतील जुना खेळ या तीन गोष्टींत निराळा’ एवढें सांगितलें तर घरांतला तंटा मिटतो, आणि आजोबा शत्रु न होतां जोडीदार होतात. तेवढा जोडीदार मिळणें ही नवशिक्याच्या दृष्टीनें लहान गोष्ट नव्हे. पंजाबचे मीर सुलतान खान प्रथम देशी पद्धतीनेंच खेळत; १९२८ सालीं त्यांनीं अखिल भारतीय स्पर्धा जिंकली आणि १९२९, १९३२ व १९३३ या तीन सालीं ते ब्रिटनचे विजेते झाले. २०२४ सालीं जागतिक बुद्धिबळ संघटनेनें त्यांस मरणोत्तर मानद ग्रँडमास्टर हा किताब दिला. देशी खेळावर वाढलेला माणूस पुढें जाऊं शकत नाहीं, असें म्हणणारांनीं एवढें उदाहरण ध्यानांत ठेवावें.

या बाबतींत एक जुनें पुस्तक आजच्या फितींपेक्षां अधिक प्रामाणिक ठरतें. त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांचा बुद्धिबळावरील संस्कृत ग्रंथ इंग्रजी भाषांतराच्या रूपानें मुंबईंत १८१४ सालीं छापून निघाला. हा ग्रंथ युरोपीय खेळपद्धतीस अनुसरून केलेला आहे, हें त्याच्या नांवांतच स्पष्ट सांगून टाकलें होतें. शिकणाराची प्रगति व्हावी आणि स्मरणशक्तीला व्यायाम मिळावा, हा हेतुही तेथेंच नोंदला होता. ग्रंथांत मुख्यतः निवडक पेंचाच्या स्थिति आहेत. पट अशा स्थितींत आहे. आतां तुम्ही काय कराल? शास्त्रीबुवांनाही वाचकाचा चेहरा दिसत नव्हता. पण कोडें समोर ठेवलें कीं वाचकाला स्वतः हात हालवावा लागतो, आणि पान उलटेपर्यंत कोणी घाई करीत नाहीं. चित्रफितींत पान नाहीं. तेथें काळ आपोआप पुढें धांवतो. ‘येथें फीत थांबवून विचार करा’ असें सांगून कर्ता दुसऱ्याच क्षणीं उत्तर देऊन मोकळा होतो. मूल फीत थांबवीत नाहीं. थांबविण्याचें बटण कोठें आहे हें त्याला ठाऊक असलें तरी थांबवीत नाहीं. म्हणून कर्त्यानेंच वीस सेकंद गप्प बसावें. पट स्थिर, आवाज नाहीं, बाण नाहींत. वीस सेकंदांची शांतता फितीच्या कर्त्याला फार लांब वाटते. विचार करणाऱ्या मुलाला ती पुरतही नाहीं.

धड्यांचा क्रम हा पुढचा प्रश्न. पहिल्याच फितींत सहाही मोहऱ्यांच्या चाली, किल्लेकोट, आणि प्याद्याचें तिरकें मारणें, हें सगळें दहा मिनिटांत उरकण्याची रीत पडली आहे. क्यूबाचे जगज्जेते कापाब्लांका यांनीं १९२१ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या पाठ्यपुस्तकाचा आरंभ राजा आणि हत्ती यांनीं एकट्या राजावर केलेल्या साध्या मातीनें केला. तीन मोहरीं आणि रिकामा पट! त्यांत शहाणपण आहे. पट रिकामा असला म्हणजे एकेका मोहऱ्याचें सामर्थ्य उघडें दिसतें. त्याहूनही लहान मुलांसाठीं नुसतीं आठ आठ प्यादीं मांडून, ज्याचें प्यादें आधीं पलीकडे पोहोंचेल तो जिंकला, असा खेळ लावावा. तेवढ्यानेंच एक आठवडा आनंदानें जातो. मग हत्ती, मग उंट, घोडा सर्वांत शेवटीं, कारण तो एकटाच उडी मारतो आणि सरळ रेषा ज्यांना आत्ताच कळूं लागल्या आहेत त्यांना तो गोंधळांत टाकतो.

वजीर हातीं आल्यावर एक अपघात ठरलेला आहे, आणि त्याची फीत मुद्दाम करावी. एकट्या उरलेल्या राजाला मूल कोपऱ्यांत रेटतें आणि मोठ्या ऐटींत आपला वजीर त्याच्यापासून नेमका घोड्याच्या चालीइतका दूर बसवितें. आतां त्या राजाला शह नाहीं आणि हलावयास घरही नाहीं. जिंकलेला डाव बरोबरींत सुटतो. मूल रडकुंडीस येतें. हा नियम तोंडानें सांगून भागत नाहीं. पट दाखवावा, एकट्या राजाचीं तिन्हीं घरें एकेक करून बोटानें दाखवावीं आणि प्रत्येक घरीं विचारावें, ‘येथें जातां येईल काय?’ तिसऱ्या ‘नाहीं’ नंतर विचारावें, ‘बरें, आतां त्याला शह आहे काय?’ हें सांगण्यास दीड मिनिट लागतें. तें वांचविण्यासाठीं नियम एका वाक्यांत सांगणाऱ्या फिती पुष्कळ आहेत.

‘चार चालींत मात’ या विषयावरील फिती मात्र फार लोकप्रिय, आणि त्यांच्याइतक्या अपायकारक दुसऱ्या नाहींत. राजापुढचें प्यादें दोन घरें ढकलावें. काळ्यानेंही तसेंच करावें. मग पांढरा वजीर तिरका जाऊन उजव्या कडेच्या पट्टींत पांचव्या घरीं बसतो, राजाकडचा उंट बाहेर येतो, आणि काळा गाफील राहिला तर वजीर त्याच्या राजाशेजारच्या उंटापुढील प्यादें मारून मात करतो. वीस सेकंदांत सारें दाखवून होतें. मूल टाळी वाजवितें आणि शेजारच्या मुलावर तो प्रयोग करतें. एकदां साधतो, दोनदां साधतो. तिसऱ्यांदा शेजारचा मुलगाही तीच फीत पाहून आलेला असतो. तो बहुधा ‘बचावाची’ फीतही पाहून येतो. तींत काळ्यानें घोड्यापुढचें प्यादें एक घर सरकवून वजिराला हुसकावून लावलेलें त्यानें पाहिलेलें असतें. तेवढेंच पाठ करून वजीर बाहेर आला रे आला कीं तो तें प्यादें सरकवितो. पण दुसऱ्याच चालीस हें केलें तर काय होतें? मधलें प्यादें निराधार असतें. पांढरा वजीर तें मारून राजाला शह देतो आणि त्याच घरावरून कोपऱ्यांतील हत्तीवरही नेम धरतो. हत्ती गेला. आधीं वजिराकडचा घोडा काढून मधल्या प्याद्याला आधार द्यावयाचा आणि पांढरा उंट येऊन बसल्यावर मग घोड्यापुढचें प्यादें सरकवावयाचें, हा क्रम आहे. तो कां, हें फितीनें सांगितलेलें नसतें. आणि मूल म्हणतें, मीं तर फितींत दाखविल्याप्रमाणेंच केलें!

हाच डाव शिकविण्याची दुसरी तऱ्हा अशी. पट आरंभींच्या स्थितींत ठेवावा. एकही मोहरें हालवूं नये. काळ्याच्या आठ प्याद्यांपैकीं प्रत्येकाला मागून कोणाकोणाचा आधार आहे, तें मुलालाच मोजावयास लावावें. मधल्या दोन प्याद्यांना चार चार राखणदार आहेत, हें निघाल्यावर मुलाला मौज वाटते. बाकीच्यांना एकेक आहे. पण ज्याला केवळ राजाचाच आधार आहे असें प्यादें एकच सांपडतें, आणि तें राजाकडील उंटापुढचें. राजा राखणदार खरा. परंतु मारणाऱ्या मोहऱ्याच्या पाठीशीं दुसरें मोहरें असलें तर राजाला त्यास हात लावतां येत नाहीं. एवढें मुलाच्या ध्यानांत आलें कीं चार चालींतली मात पुष्कळदां तें आपण होऊनच शोधून काढतें. आणि ज्यानें शोधून काढली तें तिच्यांत सहसा सांपडत नाहीं. फीत आठ मिनिटांची होईल. पाहणारांची संख्या कदाचित् वीस सेकंदवालीपेक्षां कमी भरेल.

भाषेविषयीं थोडें. ‘ई चार’, ‘एफ सात’ अशीं घरांचीं नांवें पुढें शिकावींच लागतात, कारण जगांतले डाव त्यांतच लिहिलेले असतात. पण ज्याला अजून उंटाची तिरकी रेषा दिसत नाहीं त्याच्या कानावर पहिल्या दिवसापासून हीं अक्षरें मारणें म्हणजे बाराखडीच्या आधीं व्याकरण होय. ‘राजापुढचें प्यादें दोन घरें’ हें मराठी वाक्य चित्राशिवायही कळतें. शब्दही एकच धरावा. एकाच फितींत कधीं ‘रूक’, कधीं ‘हत्ती’ आणि कधीं ‘किल्ला’ म्हटलें कीं मुलाला तीं तीन मोहरीं वाटतात. आरंभीं दोन मिनिटें आपल्या इतर फितींची जाहिरात, मग ‘आवडल्यास कळवा’ ही विनवणी, हें व्यापाऱ्याला शोभतें. वर्गांत शिरतांच मास्तर आपल्या शिकवणीचें पत्रक वाटीत नाहींत.

शेवटीं धड्याबरोबर गृहपाठ असावा. तीन स्थिति पडद्यावर स्थिर दाखवाव्या, त्या मुलानें कागदावर उतरून घ्याव्या आणि खऱ्या पटावर मांडाव्या. उत्तरें पुढच्या फितींत. घरीं पट नसला तर पुठ्ठ्यावर चौसष्ट घरें आंखून आणि बुचांवर नांवें लिहून काम भागतें, आणि हेंही फितींतच करून दाखवावें, कारण वाडीवरच्या मुलाजवळ तेंच असणार. बोटानें पडद्यावर मोहरें सरकविणें आणि हातानें उचलून ठेवणें यांत फरक आहे. हातानें उचललेलें मोहरें परत ठेवतां येत नाहीं, या नियमाचा धाक विचार करावयास लावतो.

फीत तयार झाल्यावर ती जाणत्या खेळाडूंना दाखविण्याची रीत आहे. तिचा फारसा उपयोग नाहीं. ते चुका काढतील त्या खेळाच्या, शिकविण्याच्या नव्हे. ज्याला घोडा कसा चालतो हेंही ठाऊक नाहीं असें एखादें सात-आठ वर्षांचें मूल गांठावें, त्याच्यापुढें पट व मोबाइल ठेवावा, आणि कर्त्यानें स्वतः त्याच्या बाजूला, पण त्याला मदत न करतां, वही घेऊन बसावें. फितीकडे पाहूं नये, मुलाकडे पाहावें. त्याचा हात कोठें अडखळला, नजर कोठें खिडकीकडे गेली, कोठें त्यानें फीत उलट फिरवून पुन्हां पाहिली, तें मिनिट व सेकंद घालून टिपावें. दुसऱ्या दिवशीं तेवढाच भाग नव्यानें चित्रित करावा आणि दुसऱ्या मुलाला बोलवावें. पहिलें आतां उपयोगाचें नाहीं, त्याला घोडा चालवितां येऊं लागला आहे.